फारसे न घातलेले बूट प्रवासातच का उकलतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चालायचे चांगले बूट तुम्ही सात वर्षांपूर्वी घेतले आणि जेमतेम दहा-बारा वेळा घातले. परदेशात तिसऱ्या दिवशी पावसात चालताना उजव्या बुटाचा सोल पुढून उघडला. हॉटेलवर मिळालेला झटपट चिकटणारा गोंद लावलात, तो दोन तासांत सुटला आणि संध्याकाळपर्यंत डाव्या बुटाचंही तेच झालं. तुम्ही विचारताय की बूट खोटे निघाले का, आणि प्रवासात पायातलं असं काही बिघडलं तर नेमकं काय करायचं. मी बावीस वर्षं बूट-चपला दुरुस्त करतोय. तुमच्यासारखी जोडी हातात घेऊन, चेहरा पाडून येणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

बूट खोटे नव्हते, ते आतून म्हातारे झाले होते. जमिनीला टेकणारं रबर आणि पायाखालचं चामडं किंवा कापड यांच्या मध्ये फोमचा एक जाड थर असतो. चालायच्या बऱ्याच बुटांमध्ये हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. तो हलका, लवचिक आणि धक्का छान पेलणारा असतो, पण पाणी हा त्याचा शत्रू. त्यातही एस्टर प्रकारच्या पॉलियुरेथेनमध्ये हवेतली आर्द्रता हळूहळू शिरते आणि रेणूंच्या साखळ्या तोडत जाते. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते पुढची तोडफोड आणखी वेगाने घडवतं. बूट पायात असोत की कपाटात, ही क्रिया चालूच राहते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवले तर ओल आतच अडकते. वरून बूट नवाकोरा दिसतो, चामडं चकचकीत असतं, आणि आतला फोम मात्र शिळ्या केकसारखा भुसभुशीत झालेला असतो. पाच ते दहा वर्षांत हे होणं अगदी नेहमीचं आहे.

अशा बुटांना कपाटात कसलाही त्रास नसतो. मग एक दिवस ते सामानात जातात आणि अचानक दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं, पाऊस, दगडी रस्ते, पायऱ्या हे सगळं त्यांच्या वाट्याला येतं. साहजिकच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोल तोंड उघडतो. दोन्ही बूट एकाच दिवशी गेले याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं, पण माझ्यासाठी ती निदानाची खूण आहे. एकाच घाण्यातला फोम, एकच वय, एकच कपाट. म्हणून एका बुटाचा सोल सुटला की दुसऱ्याची वाट पाहू नका, तोही गेलाच असं समजून त्याच तासाला बांधून टाका.

आता गोंद का टिकला नाही ते सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. सोल सुटल्यावर सुटलेल्या दोन्ही बाजू नीट बघायच्या. दोन्ही बाजू गुळगुळीत आणि टणक असतील, एका बाजूला जुन्या गोंदाचा पातळ पिवळसर पापुद्रा दिसत असेल, तर फक्त गोंद सुटलेला आहे आणि बूट पुन्हा चिकटू शकतो. पण दोन्ही बाजूंना फोमचे कण चिकटलेले असतील, नखाने खरवडल्यावर भुगा पडत असेल किंवा बोटाला चिकट लागत असेल, तर थरच मोडला आहे. तिथे जगातला कुठलाही गोंद चालणार नाही, कारण तो इमानाने भुग्यालाच चिकटतो आणि भुगा बुटाला धरून नसतो. तुमच्या वर्णनावरून तुमचं प्रकरण दुसऱ्या प्रकारचं दिसतं.

शिवाय तुम्ही वापरलेला झटपट गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते, तेव्हा हा पदार्थ त्यांच्या हाती लागला. जिथे-तिथे चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला, १९५१ मध्ये त्याचा उपयोग लक्षात आला आणि १९५८ मध्ये तो गोंद म्हणून बाजारात आला. हवेतल्या ओलाव्याने तो क्षणात घट्ट होतो, पण घट्ट झाल्यावर काचेसारखा कडक होतो. बुटाचा सोल तर चवड्याशी प्रत्येक पावलाला वाकतो, म्हणजे कडक थर वाकवून मोडण्याचं काम दिवसभर चालू. त्यामुळे टाचेचं निखळलेलं टोक किंवा सुटलेलं बक्कल अशा न वाकणाऱ्या जागीच तो वापरावा. आणि एक इशारा. हा गोंद कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर जोरात उष्णता निर्माण होते आणि चटका बसू शकतो. सुती मोजा पायात असताना बूट चिकटवायचा प्रयत्न कोणी करू नये.

भर रस्त्यात सोल उघडला की पहिली काळजी बुटाची नको, पडण्याची हवी. लोंबणारा सोल पायाखाली दुमडतो आणि माणूस तोंडावर जातो, बहुतेक वेळा पायऱ्यांवर. म्हणून बाजूला बसा आणि सोल बांधून घ्या. पुढचा भाग उघडला असेल तर बोटांच्या किंचित मागे दोरी किंवा प्लॅस्टिकची केबल टाय आवळा. सोलला खोल नक्षी असेल तर दोरी तिच्या खाचेतून न्या, म्हणजे ती जमिनीवर घासून लगेच तुटत नाही. मागचा भाग सुटला असेल तर टाचेच्या पुढे जी खोलगट जागा असते तिथून दोरी घेऊन वर नाडीशी बांधा. त्या जागी दोरी जमिनीला टेकतच नाही, त्यामुळे दिवसभरही टिकते. कापडी चिकटपट्टीही चालते, पण बूट आधी कोरडा पुसायला हवा. ओल्या रबरावर ती धरत नाही. सोलखालून गुंडाळलेली पट्टी ओल्या गुळगुळीत फरशीवर घसरते, हे विसरू नका. तास-दीड तासात ती झिजेल, तेव्हा बदलायची. हा बंदोबस्त खोलीवर किंवा बुटांच्या दुकानापर्यंत पोचण्यासाठी आहे. त्यावर डोंगर चढू नका.

फक्त गोंद सुटलेला असेल तर खोलीवर रात्री चांगली दुरुस्ती होऊ शकते. बुटांसाठी मिळणारा, सुकल्यावर लवचिक राहणारा गोंद घ्या. बूट पूर्ण कोरडा होऊ द्या, नखं घासायच्या कानशीने दोन्ही बाजू खरखरीत करा, धूळ पुसा. काँटॅक्ट प्रकारचा गोंद असेल तर दोन्ही बाजूंना पातळ थर द्या आणि हाताला चिकटेनासा होईपर्यंत, साधारण दहा ते पंधरा मिनिटं, थांबा. मग एकदाच, नेमका जागेवर बसवून, जीव खाऊन दाबा. या गोंदात वेळ दाबून धरण्यापेक्षा दाबाचा जोर महत्त्वाचा असतो. बहुतेक लोक ओला गोंद लावून लगेच बूट मिटवतात आणि तिथेच काम बिघडतं. दाबल्यावर लवचिक बँडेज घट्ट गुंडाळून सकाळपर्यंत हात लावू नका. या गोंदातले द्रावक ज्वालाग्राही असतात, त्यामुळे तो विमानातून नेता येत नाही. गेल्या ठिकाणी विकत घ्या आणि उरलेला तिथेच सोडा.

ज्या बुटांमध्ये सोलची कड वाटीसारखी वर आलेली असते, तिथे गोंदापेक्षा टाका बरा. मेणाचा दोरा नसेल तर दात साफ करायचा फ्लॉस वापरा. तो नायलॉनचा असेल तर आश्चर्य वाटेल इतका मजबूत असतो. जाड सुई, मागून ढकलायला एखादं नाणं, आणि जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच नवा टाका. नवी भोकं पाडली की कड फाटते.

भिजलेल्या बुटांविषयी मला कळकळीने सांगायचंय, कारण चांगली पादत्राणं मारण्यात हीटरचा हात फार मोठा आहे. ओलं चामडं कोरड्या चामड्यापेक्षा कितीतरी कमी उष्णतेला आक्रसतं आणि एकदा आक्रसलं की परत येत नाही. सोलचा गोंदही उष्णतेने मऊ पडतो. त्यामुळे रात्री हीटरवर ठेवलेला बूट सकाळी कोरडा, कडक आणि कडेने उकललेला सापडतो. योग्य रीत सोपी आहे. नाड्या आणि आतला सुटा तळवा काढायचा, जीभ पूर्ण बाहेर ओढायची, आत वर्तमानपत्राचा कागद कोंबायचा. पहिला कागद तासाभरात बदलायचा, कारण सगळ्यात जास्त पाणी तोच शोषतो. मग दर दोन-तीन तासांनी. बूट कुशीवर ठेवा म्हणजे सोललाही हवा लागते. पंखा चालेल, केस सुकवायच्या यंत्राची थंड हवा चालेल, गरम हवा नको. समुद्राच्या पाण्यात भिजले असतील तर आधी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ आतच राहतं आणि हवेतली ओल खेचत राहतं. फोमच्या हलक्या चपलांनाही उष्णता सोसत नाही. उन्हात बंद गाडीत राहिल्या तर त्या आकसून एक-दोन नंबरांनी लहान होतात.

रबरी चपलेचं दुखणं वेगळं. तिचा पट्टा सोलखाली एका गोल गुंडीने अडकलेला असतो. भोक सैल झालं की गुंडी वर निसटते आणि चप्पल पायातून जाते. गुंडी परत खाली ढकला, आणि खालच्या बाजूने तिच्या मानेभोवती मोठं बटण किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कापलेली चकती बसवा. चकतीला मध्ये छोटं भोक आणि कडेपासून भोकापर्यंत एक चीर दिली की झालं. ही दुरुस्ती कित्येकदा चपलेच्या उरलेल्या आयुष्यभर टिकते. चामडी चपलेचा अंगठा तुटला तर मात्र दोऱ्याने आवळून फक्त खोलीपर्यंत पोचावं. अंगठ्यावर सगळा भार येतो, आणि तात्पुरता टाका कातडी सोलून काढतो.

नाडी सारखी सुटत असेल तर दोष बहुधा नाडीचा नसतो, गाठीचा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. धावताना पाय जमिनीवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सात पट जोराने आदळतो, त्याने गाठ सैल होते, आणि झुलणारी टोकं तिला ओढून सोडवतात. गाठ चुकीच्या दिशेने मारली असेल तर हे लवकर होतं. ओळखायची खूण अशी: फासे बुटावर आडवे पडले तर गाठ बरोबर, उभे, म्हणजे बोटांकडून घोट्याकडे फिरले तर चूक. पहिला पेच उलट्या दिशेने घ्या, एवढा एकच बदल पुरतो.

चेनच्या (झिपच्या) बुटांची चेन लागत असूनही मागे उघडत गेली, तर दात शाबूत असतात आणि सरकणारा तुकडा सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या हाताने दाबा. अडकत असेल तर मेणबत्ती किंवा पेन्सिलचं शिसं घासा.

आता नवे बूट घ्यायची वेळ आली तर. परदेशातल्या दुकानात सगळ्यात मोठा घोळ नंबरांचा होतो. युरोपात चालणाऱ्या पद्धतीत एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, ६.६७ मिलिमीटर. ब्रिटनमध्ये एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, ८.४७ मिलिमीटर. दोन्हींत मोजला जातो तो बुटाचा साचा, पाय नाही. ब्रिटिश ८ आणि युरोपीय ४२ हे दोन्ही साधारण २८० मिलिमीटरच्या साच्यावर येतात, पण पायऱ्या वेगळ्या असल्यामुळे पुढे-मागे नंबर नेमके जुळत नाहीत. अमेरिकेत पायरी ब्रिटनचीच, पण मोजणीची सुरुवात वेगळी. तिथे पुरुषांचा आकडा ब्रिटिश आकड्यापेक्षा साधारण एकाने मोठा असतो, बायकांचा दोनाच्या आसपास. जपानमध्ये थेट पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहितात, आणि तीच मला सगळ्यात प्रामाणिक पद्धत वाटते. म्हणून निघण्यापूर्वी संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पायांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा आणि मोठ्या पायाचा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा.

लांबच्या विमानप्रवासानंतर पाय सुजलेले असतात. उतरल्या दिवशी घेतलेले बूट दोन दिवसांनी सैल होतात आणि सैल बूट टाचेला घासतो. शक्य असेल तर एक रात्र जाऊ द्या आणि मग संध्याकाळी, चालायच्या मोज्यांसकट घालून बघा. विमानातही बूट काढून ठेवण्याआधी नाड्या पूर्ण सैल करा, नाहीतर उतरताना पाय आत जात नाही, आणि मागची कड टाचेखाली चेपून चालल्याने बुटाची पाठ कायमची मोडते. शूहॉर्न हाताशी नसेल तर चमच्याची पाठ वापरा.

नवे बूट चावणार हे गृहीत धरा. फोड नुसत्या घासण्याने येत नाही. कातडी जागेवर अडकते आणि आतलं हाड मागे-पुढे सरकतं, त्या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात. ओलाव्यात कातडी जास्त अडकते. म्हणून जागा गरम वाटायला लागली की लगेच थांबून कागदी मेडिकल टेप लावा. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा साधा टेप आधीच लावल्याचा फायदा दिसला होता. फोड आलाच तर वरची कातडी काढू नका, तीच उत्तम मलमपट्टी असते. मधुमेह असेल तर हा विषय किरकोळ धरू नका. पायाची संवेदना कमी असू शकते, त्यामुळे रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात बघा आणि जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दोन-तीन गोष्टी झटकन. मऊ फोमच्या चपला किंवा सुटलेली नाडी एस्कलेटरच्या कडेच्या फटीत ओढली जाते. मधोमध उभं राहा, लहान मुलांचा हात धरा. चप्पल अडकली तर आधी पाय बाहेर काढा आणि लाल बटण दाबायला ओरडून सांगा, ते बहुधा वरच्या आणि खालच्या टोकाला असतं. विमानतळावर बुटातली पोलादी पट्टी यंत्रात वाजू शकते, तेव्हा सहज निघणारे बूट घातलेले बरे. अमेरिकेत सगळ्यांना बूट काढायला लावण्याचा २००६ पासूनचा नियम जुलै २०२५ मध्ये मागे घेतला गेला, तरी अधिकाऱ्याने सांगितलं तर काढावेच लागतात. जिथे पादत्राणं बाहेर काढून ठेवतात तिथे सारख्या दिसणाऱ्या जोड्या बदलल्या जातात. पट्ट्याला रंगीत दोऱ्याचा एक टाका घाला.

आणि सोलमधली माती. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात उतरताना मातीने माखलेल्या, रानात वापरलेल्या बुटांची माहिती द्यावी लागते. मातीतून झाडांचे आणि जनावरांचे रोग जातात. न्यूझीलंडमधले कौरी वृक्ष अशाच मातीतून पसरणाऱ्या रोगाने मरतायत. बूट निघण्यापूर्वी जुन्या ब्रशने खाचांमधून घासून धुवा आणि फॉर्मवर खरं लिहा. सांगितलं तर बहुतेक वेळा अधिकारी बूट तपासतात, हवे तर साफ करून देतात. लपवलं तर दंड होतो.

सामानात मी एवढंच ठेवायला सांगतो: जास्तीच्या नाड्यांची जोडी, तीन-चार केबल टाय, पेन्सिलीवर गुंडाळलेली मीटरभर कापडी चिकटपट्टी, कागदी टेप, फ्लॉस, दोन मोठी बटणं, सेफ्टी पिन आणि जाड सुई. सुई चेक-इनच्या बॅगेत. सगळं मिळून मुठीत मावतं. आणि निघण्याच्या महिनाभर आधी बूट बाहेर काढा, फोमच्या कडेवर अंगठ्याचं नख जोरात रोवा, चवड्याशी बूट वाकवा. बारीक भेगा दिसल्या, खूण तशीच राहिली, भुगा पडला किंवा चिकट लागलं, तर ते बूट सहलीला न्यायचे नाहीत. ठीक वाटले तरी दोन-तीन दिवस तासभर चाला, त्यात एकदा ओल्या रस्त्यावरून.

तुमच्या जोडीबद्दल शेवटचं. वरचं चामडं आणि शिवण चांगली असेल तर बूट टाकू नका. फोम आणि रबर दोन्ही काढून नवा सोल बसवता येतो, मात्र दोन्ही बुटांचा एकदम करा. मधला थर पॉलियुरेथेनऐवजी ईव्हीए नावाच्या दुसऱ्या फोमचा घालायला सांगा. तो कालांतराने दबतो, पण ओलीने असा चुरा होत नाही. आणि कारागिराला आधीच सांगा की पुढच्या भागावर झटपट गोंद लावलेला आहे. तो कडक थर घासून पूर्ण काढावा लागतो, नाहीतर नवा सोलही बरोबर त्याच जागेवरून सुटेल.